मारव्यातला गैरहजर सा

१ जुलै १९९९, गुरुवार

काल निवृत्त झालो. शाल, श्रीफळ आणि ही डायरी मिळाली. डायरी जानेवारीपासूनची आहे, म्हणजे अर्धी आधीच वाया गेलेली. तरी लिहिणार.

छत्तीस वर्षं प्रेसमध्ये छापील कागद तपासले. भिंगातून बघायचं, रेष सरकली असेल किंवा रंग फिका पडला असेल तर लाल पेन्सिलीने गोल करायचा आणि कागद बाजूला काढायचा. एवढंच काम, पण चोख केलं. आज सकाळी सवयीने भोंग्याला उठलो तर तपासायला काहीच नाही. चहा तपासला. दूध अंमळ जास्त होतं. तसं छायाला सांगितलं.

ती म्हणाली, "बाहेर कुठं पार्टटाइम मिळतंय का बघा."

६ जुलै

धक्कादायक गोष्ट कळली. संध्याकाळी साडेपाचला आतल्या खोलीतून गाणं ऐकू आलं. रेडिओ असेल म्हणून आवाज कमी करायला गेलो, तर आमची छाया पेटी घेऊन बसलेली.

ती बारा वर्षं वत्सलाबाई भालेरावांकडे गाणं शिकते आहे. ती क्लासला जाते हे मला माहीत होतं, पण मी समजत होतो शिवणाचा क्लास. एवढ्या वर्षांत घरात एक ब्लाउज शिवलेला दिसला नाही याचं नवल वाटायचं, पण चौकशी केली नाही. मी घरी पोचायचो सातनंतर, तोवर हिचा रियाज उरकलेला असायचा. पेटी पलंगाखाली चादरीत असायची. तिच्यावर पाय टेकवून मी रोज मोजे घालत आलो आहे.

"माझ्यापासून लपवलंस?" मी विचारलं.

"लपवलं कुठं? तुम्ही विचारलं नाय."

रागावली की हिच्या बोलण्यात माहेरचा सायखेडा उतरतो. आता रागावण्यासारखं काय होतं?

१९ जुलै

तृप्तीने रंगपेटी आणली. ती इगतपुरीच्या शाळेत शिकवते, रोज गाडीने जाऊन-येऊन करते. म्हणाली, "पप्पा, तुम्हाला रंगांची नजर आहे. आईच्या चहामागे लागण्यापेक्षा चित्रं काढा."

वाचनालयात जाऊन एक जाडजूड पुस्तक चाळलं. जुन्या काळी चित्रकार रागांची चित्रं काढायचे म्हणे. म्हणजे गाणं ऐकायचं आणि ते रंगवायचं. माझी सोय घरातच आहे. साडेपाचला ती गाते, मी बाहेरच्या खोलीत रंगवतो. काम शास्त्रशुद्ध व्हावं म्हणून तक्ता केला आहे. सा पांढरा, कोमल रे विटकरी, ग पिवळा, असे सगळे. पेटीच्या पट्ट्यांवर चिठ्ठ्या चिकटवून सूर पाठ केले. छायाने चिठ्ठ्या काढून टाकल्या, पण तोवर पाठ झाले होते.

९ ऑगस्ट

पहिलं चित्र पूर्ण. पद्धत अशी की ती जो सूर लावेल त्या रंगाचा एक चौकोन भरायचा. चारशे वीस चौकोन झाले. एकही रंग रेषेबाहेर गेलेला नाही, भिंगाने पाहिलं.

तृप्ती म्हणाली, "छान आहे. आपल्या न्हाणीघरात अशी फरशी बसवू या."

कागद हलका असणार. उद्या जाड कागद आणतो.

२ सप्टेंबर

मोतीराम खर्जुल आला होता. आमच्याच खात्यातला, माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाला आणि आता निवृत्तांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. अठ्ठावीस नोव्हेंबरला मंडळाचं संमेलन आहे. तो म्हणाला, "ताजनपुरे, तुमची चित्रं लावू आणि वहिनींचं अर्धा तास गाणं ठेवू. नवऱ्याचे रंग, बायकोचे सूर. असा कार्यक्रम आपल्या नाशिक रोडला झालेला नाही."

मी लगेच होकार दिला. छायाने तीन दिवसांची मुदत मागितली. ती आजवर बाईंच्या खोलीबाहेर कधी गायलेली नाही. वत्सलाबाईंनी दोन वेळा लोकांसमोर बसवायचा घाट घातला, दोन्ही वेळा हिला आयत्या वेळी ताप भरला.

"तुम्ही नाही म्हणालात तर काळजी नको," मोतीराम म्हणाला. "मी माउथ ऑर्गन वाजवीन."

मोतीरामचा माउथ ऑर्गन आम्ही चौतीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत सोसला आहे.

५ सप्टेंबर

छाया हो म्हणाली. मारवा गाणार आहे. हो म्हणताना ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती. ओटा सैल झालाय का ते मी नंतर पाहिलं, घट्ट आहे.

१८ सप्टेंबर

आज चित्र साफ बिघडलं. छाया मारवा गात होती. खिडकीतून ऊन उतरत चाललेलं. काय झालं कळलं नाही, तक्त्याकडे बघायचंच राहिलं. नारिंगी ओला असतानाच त्यावर विटकरी टेकवला, तो पसरत गेला, खाली जांभळट झाला, आणि मी ब्रश धरून बघत बसलो. गाणं थांबलं तेव्हा माझे डोळे ओले होते. टर्पेंटाइनचा वास असावा. पण मी तर पाण्याचे रंग वापरतो.

भिंग लावलं. नारिंगी रंग दीड सूत रेषेबाहेर. एका जागी ब्रशचा केस चिकटलेला. नियमाप्रमाणे कागदाचे चार तुकडे केले आणि कोपऱ्यात "रद्द" लिहिलं.

छाया म्हणाली, "द्या इकडं, रद्दीत टाकते." तुकडे उचलताना फार जपून उचलत होती. तिला कचरा सांडलेला चालत नाही.

३ ऑक्टोबर

कार्यक्रमाला दोन महिनेही उरले नाहीत आणि छायाचं गाणं कोणी तपासलेलंच नाही. वत्सलाबाई तपासत असतील, पण त्यांच्याकडे लेखी काही नसतं. म्हणून आज मी पूर्ण अर्धा तास कागद घेऊन दाराशी बसलो आणि रीतसर अहवाल केला. मूळ मजकूर इथे उतरवून ठेवतो:

कोमल रे: अकरा वेळा जागेवरून सरकलेला.
श्वास: चार ठिकाणी ऐकू येतो.
सा: जिथे यायला हवा तिथे एकूण एक्केचाळीस वेळा गैरहजर.
पंचम: संपूर्ण अर्ध्या तासात एकदाही नाही. गहाळ समजावा.

तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला. मग घडी घालून पेटीच्या भात्यात सरकवला आणि पेटी बंद केली. तिला पटला असावा.

६ ऑक्टोबर

छायाचा घसा बसला आहे. तीन दिवस रियाज नाही. हळद घालून दूध दिलं. प्यायली, पण माझ्याकडे न बघता. घशाच्या दुखण्यात मान वळवायला त्रास होत असेल.

१७ ऑक्टोबर

घसा अजून तसाच. बोलताना आवाज ठणठणीत येतो, भाजीवालीशी घासाघीस करताना तर कोपऱ्यावर ऐकू जातो. फक्त गाताना बसतो म्हणे. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी माझ्याचकडे जरा वेळ बघितलं.

इकडे माझं कामही अडलं आहे. पाच चित्रं हवीत, हातात तीन फरश्या. दिवाळीच्या तोंडावर उन्हाचा कोन बदलला आहे, त्यामुळे असेल. ब्रशही जुना झाला.

२३ ऑक्टोबर

ब्रश बदलला, टेबल दुसऱ्या खिडकीशी नेलं. उपयोग नाही. शेवटी बिटको चौकात जाऊन मारव्याची कॅसेट आणली. गवई फार मोठे आहेत. तीनदा ऐकली, एकही दोष काढता आला नाही. चित्रही निघालं नाही.

संध्याकाळी मोतीराम येऊन म्हणाला, "वहिनींचं जमत नसेल तर मी आहेच," आणि खिशातून माउथ ऑर्गन काढून वाजवायलाच लागला. प्रयोग म्हणून ब्रश चालवून पाहिला. ट्रकसारखं काहीतरी झालं. मोतीरामला ते इतकं आवडलं की घरी घेऊन गेला.

जाताना मोतीरामने कार्यक्रमाच्या यादीत छायाच्या नावावर शिसपेन्सिलीने बारीक काट मारली. म्हणाला, पंधरा नोव्हेंबरपर्यंत कळवा, मग काट पक्की करतो. छाया आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला.

३० ऑक्टोबर

आजचं लिहू की नको असं झालं आहे. पण डायरी खासगी आहे.

छायाच्या घशासाठी ज्येष्ठमध घेतला आणि विचार केला, वत्सलाबाईंनाच औषध विचारावं. देवळाली गावात त्यांचं घर शोधलं. दाराशी चपला काढत होतो तर आतून गाणं. मारवा. घसा वगैरे काही नाही, आवाज असा लागलेला की चपलेचा पट्टा हातात धरून मी उभाच राहिलो. माझ्या घरात जवळजवळ चार आठवडे बसलेला घसा इथे मोकळा सुटला होता.

आत पाहिलं. छाया भिंतीकडे तोंड करून गात होती. भिंतीवर माझं रद्द केलेलं चित्र. चारही तुकडे मागून खळीने जोडलेले, कोपऱ्यातला "रद्द" तसाच.

वत्सलाबाई बाहेर ओट्यावर आल्या. सत्तरीच्या आहेत, बारीक अंगाच्या, आणि बोलायला तिखट.

"या. इन्स्पेक्टरसाहेब तुम्हीच ना?"

मी ज्येष्ठमध पुढे केला. तो त्यांनी घेतला आणि स्वतःच्याच तोंडात टाकला.

"अहवाल वाचला तुमचा," त्या म्हणाल्या. "मारव्यात पंचम नसतोच, साहेब. गहाळ नाही झाला. आणि सा मुद्दाम टाळायचा असतो. घर दिसतंय, पण पोचता येत नाही, अशी हुरहुर लावून ठेवायची, आणि मग कधीतरी सा द्यायचा. तुम्ही एक्केचाळीस वेळा मोजलंत ना? म्हणजे एक्केचाळीस वेळा तिने ते बरोबर केलं."

"मग तिने सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं का?"

हे वाक्य या घरात फार चालतं असं दिसतं. मी चित्राकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, "मी दोन वर्षं हिला सांगते आहे की रे लावताना सूर्य टेकलाय असं वाटलं पाहिजे. हिला जमत नव्हतं. एके दिवशी हे तुकडे पदराखाली घेऊन आली आणि म्हणाली, बाई, आता दिसला."

मला फार वाईट वाटलं. घरी येताना रिक्षा न करता चालत आलो.

२ नोव्हेंबर

चूक दुरुस्त करायची म्हणून सुधारित अहवाल लिहून छायाला दिला. "मागील अहवाल रद्द समजावा. दोष: निरंक."

तिने वाचला. म्हणाली, "म्हणजे परत तपासलंच की."

"अगं, पण दोष नाही असं लिहिलंय!"

"अहो, तुम्ही समोर बसलात की मला सूर नाय दिसत, पेन्सिल दिसती. तिथं हॉलमध्ये तर पहिल्या रांगेत बसाल. मी नाय गाणार. मोतीरामभाऊंना सांगून टाका."

मी म्हणालो, मी येतच नाही. त्यावर ती जास्तच चिडली. "नवरा घरी ठेवून गायला जाऊ? लोक काय म्हणतील?" म्हणजे मी आलो तरी पंचाईत, न आलो तरी पंचाईत.

१३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. चिवडा तिखट होता, बोललो नाही.

आज एक नामी युक्ती काढली. छायाला म्हणालो, मी तुझं तपासलं, आता तू माझं तपास. म्हणजे फिटंफाट. टेबलाशी खुर्ची मांडून दिली, भिंग दिलं, पेन्सिल दिली, आणि मी तिच्यासमोर चित्र काढायला बसलो. दोन महिन्यांत प्रथमच जरा बरं काहीतरी उतरत होतं.

पहिला लाल गोल तिने पाचव्या मिनिटाला मारला. "इथं रंग का थांबला?" मग दुसरा. "हे काय, ढग की कोबी?" तृप्ती दाराशी उभी राहून बघत होती, तिला हसू आवरेना. अर्ध्या तासात सत्तावीस गोल. अठ्ठाविसावा मारताना छायाने जीभ दातात धरली होती, इतकी रमली होती.

चित्र चांगलं होतं. निदान होत होतं. असो.

१६ नोव्हेंबर

मनगटात कळ आहे. तीन दिवस ब्रश धरलेला नाही. भाजी आणायला पिशवी उचलता येते, फक्त ब्रश धरला की कळ येते. बाम लावला. तृप्तीने विचारलं, "पप्पा, मनगट बसलं का?"

हा काय प्रश्न झाला? मनगट कधी बसतं का?

१६ नोव्हेंबर, पुन्हा

आत्ता लक्षात आलं.

किती मूर्ख माणूस आहे मी.

स्वयंपाकघरात गेलो. छाया मेथी निवडत होती. मी म्हणालो, "माझ्या मनगटाला काही झालेलं नाही."

"माहीत हाय."

"तुझ्या घशालाही."

"ते पण माहीत हाय."

"चुकलो" हा शब्द मी कामावर हजार वेळा दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे, पण स्वतः म्हणायची सवय नाही. तरी म्हणालो. जरा मोठ्यानेच निघाला, शेजारी ऐकू गेला असेल. छायाने मेथीची एक जुडी माझ्याकडे सरकवली. मी निवडायला बसलो. काही वेळाने ती गुणगुणायला लागली. मी पानं निवडत राहिलो आणि कान तिकडे आहेत हे अजिबात दाखवलं नाही.

मग उठून मोतीरामला फोन केला. मुदत काल संपली होती, म्हणून त्याने काट आता शाईने मारली होती. मी म्हणालो, शाईची काट ग्राह्य नाही, तिच्यावर तुझी सही नाही. तो छत्तीस वर्षं नियमातला माणूस. विचार करून म्हणाला, "हो, ते बरोबर आहे."

२७ नोव्हेंबर

दहा दिवसांत चार चित्रं झाली. ती गाते, मी रंगवतो, दार उघडं असतं. तक्ता सापडत नाही, शोधलाही नाही. या खेपेचा कागद उत्तम निघाला.

पाचवं चित्र म्हणून छायाने ते खळीने जोडलेलंच लावायचा हट्ट धरला. मी म्हणालो, लोक काय म्हणतील? म्हणाली, "म्हणू देत." काही दिवसांपूर्वी हीच लोकांना घाबरत होती.

आज संध्याकाळी हिचं अंग गरम वाटतंय. तृप्तीने थर्मामीटर आणला. मी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं.

२८ नोव्हेंबर, रविवार

कार्यक्रम झाला. आत्ताच घरी आलो. हात धुऊन लिहायला बसलो आहे.

हॉल भरला होता. चित्रं मागच्या भिंतीला लावली होती, म्हणजे गाणाऱ्याच्या बरोबर समोर. मी पहिल्या रांगेत न बसता अगदी शेवटच्या रांगेत, जोडलेल्या चित्राखाली बसलो. तबल्यावर वत्सलाबाईंचे यजमान, शेजारी बाई स्वतः. छाया हिरव्या काठाची साडी नेसून आली.

तिने डोळे वर करून सुरुवात केली. सारखी माझ्या डोक्यावर बघत होती. तिकडे घड्याळ असेल असं वाटून मी वळून पाहिलं, घड्याळ नव्हतं. गाणं हळूहळू चढायला लागलं. मी माझ्या आयुष्यात एवढी हुरहुर कधी ऐकली नाही. पुढच्या रांगेतला बोराडे, जो निवृत्तीच्या भाषणातही घोरला होता, तो ताठ बसून ऐकत होता.

मग ते झालं. वरच्या नीवरून पुढे जाताना आवाज फाटला. चक्क फाटला, सगळ्यांना कळलं. छाया थांबली. तबला एकटाच एक आवर्तन फिरून आला. तिने पेटीवरचा हात उचलला आणि विंगेकडे पाहिलं. मला कळलं की ही आता उठणार. पुन्हा कधीच बसणार नाही.

मोतीरामचा हात खिशाकडे गेलेला मला दिसला.

मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. मी "वाह!" असं ओरडलो. शेवटच्या रांगेतून, पूर्ण ताकदीने. आयुष्यात मी कोणाला दाद दिलेली नाही, त्यामुळे ती कशी देतात माहीत नव्हतं. दरोडा पडल्यासारखं सगळ्या हॉलने मागे वळून पाहिलं. वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

छायाने माझ्याकडे पाहिलं. एकदम हसायलाच लागली. मग हसता हसता डोळे मिटले, तो फाटलेला सूर पुन्हा उचलला आणि तिथून सरळ ‘सा’वर येऊन थांबली. इतका वेळ टाळलेला सा. हॉलमध्ये कोणीतरी "अहाहा" म्हणालं. ते मी नव्हतो.

नंतर लोकांनी चित्रंही पाहिली. मोतीरामने आभार मानताना माउथ ऑर्गनवर एकच गाणं वाजवलं, तेही आखूड.

येताना रिक्षात तृप्ती पुढे, आम्ही दोघं मागे. मग छाया म्हणाली, "तो सूर चुकला होता."

"माहीत आहे."

"मग वाह कशाला म्हणालात?"

मी विचार केला. अहवालात घालण्यासारखं कारण सापडेना.

"मला आवडला," मी म्हणालो.

ती बाहेर बघत राहिली. दत्त मंदिराचा सिग्नल गेला, बिटको गेलं. घराकडे जेल रोडला वळायच्या आधी पुढे वाकून ती रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, जरा सावकाश घ्या."

रिक्षा तशी सावकाशच चालली होती.